पाचव्या व्हॉलचा मुऱ्हाळी

आबा, माझ्या लिहायच्या टेबलावर मोडक्या स्प्रिंगचे दोन तुकडे पडलेले असतात. पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून मी ते वर ठेवते. येणारे-जाणारे विचारतात, हे काय. मी सांगते, माहेरचा आहेर. लोक हसतात. लोकांना हसवणं हाच आता माझा धंदा आहे, हे तुम्हाला ठाऊक नाही, कारण माझं पहिलं काही छापून आलं तेव्हा तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली होती. आता माझी पन्नाशी उलटली. वर्तमानपत्रात दर रविवारी मी कुणाची तरी बिनपाण्याची करते. ज्याची केली तो रागावतो आणि ज्याची राहिली तो जास्त रागावतो. तुम्ही असता तर म्हणाला असता, पोरीनं शेवटी तोंडाचंच गॅरेज काढलं.

परवा आमची मोटार दुरुस्तीला टाकली. काचेचं ऑफिस, थंडगार हवा, गळ्यात टाय बांधलेला मुलगा. त्याला म्हटलं, चढाला इंजिन मिस मारतंय, व्हॉलच्या स्प्रिंगा बघा. पेशंटनं डॉक्टरला औषध सुचवावं तसं त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, मॅडम, ते आता कॉम्प्युटर सांगतो. कॉम्प्युटरनं दोन तासांनी जे सांगितलं ते मी दारात उभ्या उभ्या सांगितलं होतं. त्या मुलाला म्हणावंसं वाटलं, बाबा रे, स्प्रिंग म्हणजे मुऱ्हाळी. पण मग मुऱ्हाळी म्हणजे काय, इथपासून सुरुवात करावी लागली असती: सासरी गेलेल्या लेकीला सणावाराला माहेरी न्यायला जो येतो तो. मग पंचमी काय, आणि न्यायला कशाला लागतं, तिची तिला येता येत नाही का. त्यापेक्षा तुम्हाला लिहिणं सोपं.

आपलं गॅरेज म्हणजे नगर रस्त्याच्या कडेला एक पत्र्याची शेड, पुढं लिंबाचं झाड, आणि झाडाला टांगलेला फाटका टायर, तोच बोर्ड. सगळे शिरूर म्हणायचे, तुम्ही शेवटपर्यंत घोडनदीच म्हणालात. मी अकरावी पास झाले आणि आता हिचं पुढं काय, या प्रश्नाला आईकडं एकच उत्तर होतं. तुमच्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून तुम्ही मला तात्पुरतं गॅरेजात बसवलंत, गिऱ्हाइकांचे निरोप घ्यायला. तात्पुरतं म्हणता म्हणता दोन वर्षं झाली. निरोप घेता घेता मी पाना धरायला लागले आणि पाना धरता धरता टॅपेट लावायला, म्हणजे व्हॉलच्या वरच्या फटी नीट करायला. आई म्हणायची, ह्या पोरीच्या नखात ग्रीस दिसतंय, बघायला येणाऱ्यांना काय सांगू. तुम्ही म्हणायचात, सांग, रंग पक्का हाय.

तुम्ही शिकवायला बसलात की इंजिनात सगळं गाव येऊन बसायचं. मला आत्ता दिसतंय: तुम्ही एका ट्रकच्या इंजिनाचं वरचं झाकण काढलंय, ओळीनं उभ्या असलेल्या स्प्रिंगांवर बोट फिरवताय, आणि मी विचारतेय, यांचं काम काय. "व्हॉल म्हंजी लेक," तुम्ही म्हणता. "खालनं कॅम उचलतो, त्यो दांडी ढकलतो, दांडी रॉकर हलवती, आन् रॉकर लेकीच्या डोक्यावर हात ठिवून तिला खाली दाबतो. जा म्हणतो सासरी. धाडायला बघ किती जण हायेत. माघारी आणाया एकटाच. ह्यो मुऱ्हाळी." आणि स्प्रिंगला टिचकी मारता.

पुढं मी पुस्तकातही वाचलं, तिथं व्हॉलला व्हॉल्व्ह म्हणतात, पण त्यात याहून जास्त काही नव्हतं. व्हॉल उघडतो तेव्हा हवा आणि पेट्रोल आत येतं, नाहीतर जळका धूर बाहेर जातो. तो घट्ट मिटला तरच आतल्या दाबाला अर्थ. उघडायला इंजिनाची सगळी ताकद मागं उभी, मिटवायला मात्र एक पिळलेली तार. ती दबते आणि आपली उंची विसरत नाही, एवढाच तिचा गुण. इंजिन पळायला लागलं की हे जाणं-येणं मिनिटाला हजार वेळा. तार थकली की मुऱ्हाळ्याला उशीर होतो. लेक अजून उंबऱ्यातच आणि इकडं ठिणगी पडते. मग इंजिन मिस मारतं, कार्ब्युरेटरातून थुंकतं, चढाला जीव सोडतं. थकलेली स्प्रिंग ओळखायची तर काचेच्या तुकड्यावर नवी आणि जुनी शेजारी शेजारी उभी करायची. जुनी नखभर बुटकी किंवा एका अंगाला कललेली दिसली तर भंगारात. "मोडकी परवडली," तुम्ही म्हणायचात. "टकटक वाजून सांगती तरी. थकलेली काय सांगतच न्हाई. वरनं बघितली तर बेस दिसती."

आणि ती दोरी. नुसती स्प्रिंग बदलायला अख्खं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं जड लोखंडी डोकं, उतरवायचं हे तुम्हाला कधी पटलं नाही. पण स्प्रिंग काढली की व्हॉल सुटा होतो आणि खाली सिलिंडरात जाऊन पडतो, मग हेड उतरवावंच लागतं. त्यावर तुमची युक्ती अशी, की प्लग काढायचा, त्या भोकातून मऊ सुती दोरी आत सारायची, आणि गाडीच्या पुढचं हँडल फिरवून पिस्टन हळूच वर आणायचा. दोरीचं गाठोडं दबतं आणि व्हॉलला खालून टेकू मिळतो. बाळंतिणीच्या पाठीला उशी, म्हणायचात. मला पहिल्यांदा हे काम दिलंत तेव्हा मी मोठ्या उत्साहानं सगळीच दोरी आत कोंबली. टोक दिसेनासं झालं. तुम्ही चिडलात की ओरडायचा नाहीत, हातातल्या फडक्याची घडी घालायचात. त्या दिवशी तुम्ही चार पदरी घडी घातलीत. "शेपूट भाईर ठिवायचं असतं," म्हणालात. "आत धाडताना माघारी यायची सोय आधी बघायची. मंग धाडायचं." मी म्हणाले, मग दोरीलाच तसं बजावायचं होतं. तुम्ही हेडचे नट सोडायला घेतलेत आणि लिंबाखाली बसलेल्या ड्रायव्हरांना ऐकू जाईल असं म्हणालात, "हिच्या तोंडाचीच इस्प्रिंग गेलीय. उघडतंय, पर मिटत न्हाई." पुढं लग्न होईपर्यंत शिरूरभर माझी हीच ओळख होती.

त्याच साली तुम्ही एका मेकॅनिकला काढून टाकलंत. हाताचा मोठा हुशार माणूस. गिऱ्हाईक आठ दिवसांत परत यावं म्हणून त्यानं एका चांगल्या गाडीचा नट ढिला सोडला होता, आणि ते तुमच्या कानाला कळलं. तुम्ही त्याची हत्यारं पुसून पिशवीत भरलीत, पिशवी त्याच्या हातात दिलीत आणि त्याला रस्त्यापर्यंत सोडून आलात. आल्यावर मला म्हणालात, "आजारी इंजिन बरं करतो त्यो मिस्त्री. बऱ्या इंजिनाला आजार लावतो त्याला आमच्यात नाव न्हाई." दोन दिवस तुम्हाला भाकरी गोड लागली नाही. ही गोष्ट मी उगाच काढलेली नाही, आबा.

दुष्काळ सरला त्या साली तुम्ही मला दौंडला दिलंत. सासरे रेल्वेतून निवृत्त, हे मालधक्क्यावरच्या ऑफिसात कारकून. घर स्टेशनच्या इतकं जवळ की इंजिनांच्या धुरानं वलणीवरचं धुणं वाळायच्या आधी काळं व्हायचं. माणसं वाईट नव्हती. हे मी तुम्हाला तेव्हाही सांगितलं, आजही सांगते. कुणी हात उगारला नाही, कुणी उपाशी ठेवलं नाही. झालं एवढंच, की पहिल्याच महिन्यात सासऱ्यांचे जुने साहेब जेवायला आले आणि त्यांनी विचारलं, सूनबाई काय शिकल्या. सासरे म्हणाले, अकरावी, पण घरकामात हुशार. मी आमटी वाढत होते. वाढता वाढता म्हणाले, घरकामात काठावर पास, टॅपेटमध्ये पहिला नंबर. साहेब खो खो हसले. बाकी पंगतीत कुणी हसलं नाही. साहेब गेल्यावर सासूबाईंनी मला चुलीपाशी बसवून शांतपणे नियम सांगितला: विचारल्याबिगर बोलायचं न्हाई, आन् विचारलं तरी हूं म्हणायचं.

मी हूं म्हणाले. आधी रागानं, मग गंमत म्हणून, मग सवयीनं. चार महिन्यांत सासूबाई शेजारणींना कौतुकानं सांगायला लागल्या, आमच्या सुनेचा आवाज भिंतीला म्हाईत न्हाई. पण मला भीती वाटली ती निराळ्याच गोष्टीची. मी भाकरी थापताना मनातल्या मनात लोकांच्या नकला करायची, ही माझी लहानपणापासूनची करमणूक. आषाढ सरत आला त्या सुमाराला मी सासऱ्यांच्या साहेबांची नक्कल करायला घेतली आणि मला एक वाक्य सुचेना. डोक्यात नुसतं हूं. तुम्हाला पत्र लिहायला बसले तर सर्व खुशाल, आईस नमस्कार, यापुढं हात चालेना. सासरे पत्र वाचून मगच पेटीत टाकायचे, पण त्यांच्यावर ठपका ठेवण्यात अर्थ नाही. त्यांनी खोडावं असं काही मला येतच नव्हतं. आई नंतर म्हणाली, ते पत्र तुम्ही लिंबाखाली उभं राहून तीनदा वाचलंत. चार पानांची पोर दोन ओळींत आली, एवढंच बोललात आणि फडक्याची घडी घालत बसलात.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी, हे ऑफिसात गेल्यावर, दौंडच्या घरापुढं एक काळी मोटार थांबली. शिरूरच्या एका आडत्याची. तिचं इंजिन तुम्हीच बांधलं होतं, म्हणून त्यानं मागितल्याबरोबर किल्ली दिली असणार. तुम्ही उतरलात. परीटघडीची टोपी, आणि डाव्या पंजाला हे एवढं बँडेज. मला भाऊ नाही, तुम्हालाही भाऊ नाही, तेव्हा मुऱ्हाळी म्हणून येणार कोण. सासूबाईंनी चहा दिला आणि नियमावर बोट ठेवलं. "मुऱ्हाळी म्हंजी भाऊ, न्हाईतर चुलता. बाप मुऱ्हाळी आलेला मी कवा बघितला न्हाई, ईवाई." सासरे म्हणाले, आता दिवाळीलाच धाडू. तुम्ही वाद घातला नाहीत. चहा संपवलात, बशी पालथी घातलीत, मला दारातूनच बरी हायेस न्हवं विचारलंत. मी हूं म्हणाले. तुमचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी कधी कुठं लिहिलं नाही, आणि इथंही लिहिणार नाही.

तुम्ही गाडी चालू केलीत आणि इंजिन टकटक वाजायला लागलं. मग थुंकलं. मग बंद पडलं. मी स्वयंपाकघरात होते. ओठ न हलवता म्हणाले, स्प्रिंग मोडली. तुम्ही बॉनेट वर केलंत, वरचं झाकण काढलंत, आत वाकून बघितलंत आणि सासऱ्यांना सांगितलंत, की पाचव्या व्हॉलची स्प्रिंग मोडलीय, अशीच नेली तर व्हॉल तुटून पिस्टनवर पडेल आणि गाडी परक्याची आहे. सासऱ्यांनी गावातल्या दोन मेकॅनिकांची नावं घेतली. एक गावाला गेलेला, दुसऱ्याचं सणामुळं बंद. तोवर शेजारच्या चार बायका दारात आल्या. सणाच्या तोंडावर व्याह्याची बंद मोटार दारात उभी, यापेक्षा वाईट शोभा नसते. तुम्ही बँडेज पुढं करून म्हणालात, "माझा हात हा असा. पोरीला येतंय हे काम. पिशवीत इस्प्रिंग हाय, चिमटा हाय." सासरे सासूबाईंकडं बघायला लागले, सासूबाई शेजारणींकडं. मग त्या म्हणाल्या, "करू दे. पर डोक्यावरनं पदर पडता कामा न्हाई."

पदर मी दातात धरला. तेवढी अट मी शब्दशः पाळली.

दोरीवरनं पुन्हा अडलं. वलणीची दोरी काथ्याची, तिचे तंतू आत सुटतात, ती चालत नाही. मऊ सुती दोरी घरात एकच होती. सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात पाळण्यासाठी आणून ट्रंकेत ठेवलेली. ती मागायची कुणी. शेवटी त्यांनीच ती आणली, शेजारणींदेखत, आणि देवाला नैवेद्य दाखवावा तशी तुमच्यापुढं धरली. मी रॉकर उतरवले, आसपासची सगळी भोकं चिंध्यांनी बुजवली, म्हणजे काही सांडलं तर इंजिनाच्या पोटात जाऊ नये, तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढला आणि दोरी आत सारायला लागले. शेपूट हातभर बाहेर ठेवलं. तुम्ही ते बघितलंत. मग तुम्ही पुढं जाऊन उजव्या हातानं हँडल फिरवलंत, पिस्टन दोरीला टेकून घट्ट झाला, आणि माझ्या शेजारी येऊन आत वाकलात.

बॉनेटखाली दोन डोकी घातली की बाहेरच्याला दोन पाठी दिसतात, बाकी काही नाही. चार महिन्यांत त्या घरात मला न मिळालेली खोली ती हीच.

"जाच हाय का?" तुम्ही विचारलंत. नजर स्प्रिंगवर.

"न्हाई."

"मारत्यात?"

"न्हाई, आबा."

"मंग दोन ओळींचं पत्र का?"

मी चिमट्यात स्प्रिंग धरून दाबत होते. गाडीच्या जुन्या पाट्यापासून तुम्हीच घडवलेला तो चिमटा; त्यानं स्प्रिंगवरची टोपी खाली दबते आणि व्हॉलच्या दांडीला धरून ठेवणारी दोन अर्धचंद्र लॉकं मोकळी होतात. ती मी चुंबकानं उचलून तुमच्या तळव्यावर ठेवली.  मग म्हणाले, "बोलायला येईना झालंय मला. आतनंच काही येत न्हाई."

 तुम्ही फडकं काढलंत, घडी घातलीत, मोडलीत, परत घातलीत.

"शेपूट भाईर ठिवायचं," तुम्ही म्हणालात, "मीच इसरलो, बाई."

मी मोडके तुकडे बाहेर काढले. पुसले, उलटून बघितले आणि पदराच्या टोकाला बांधले. तुम्ही पिशवीतून वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली नवी स्प्रिंग दिलीत. मी तिच्यावरून बोट फिरवलं. मग बसवली: जिकडं वेटोळी दाट ती बाजू खाली, वर टोपी, चिमट्यानं दाब, लॉकं ग्रीसनं दांडीला चिकटवून बसव, आणि चिमटा सोडायचा तो हळू, कारण घाईनं सोडला की लॉकं चिमण्यांसारखी उडतात. वर लाकडी हातोडीची एक हलकी टक. लॉकं नीट बसली असतील तर त्या टकेला जागची हलत नाहीत. हलली नाहीत.

दारातून सासूबाई म्हणाल्या, झालं का. आणि मी, कुणी मला विचारलेलं नसताना, बॉनेटमधून डोकं वर काढून म्हणाले, "एक मोडली म्हंजी बाकीच्या सात तपासाव्या लागत्यात, आत्याबाई. न्हाईतर वाटंत दुसरी मोडंल." खरं म्हणजे सात उपसायचं त्या दिवशी काही कारण नव्हतं. सासूबाईंनी तुमच्याकडं पाहिलं. माझ्या जन्मात तुम्ही कधी कामाच्या बाबतीत खोटं बोलल्याचं मला आठवत नाही, पण तुम्ही गंभीरपणे मान हलवून म्हणालात, "व्हय. नियमच हाय तसा."

मग दुपार आपली झाली. हँडलनं पिस्टन वर येतो, पण मागं फिरत नाही. दोरी सुटी करायला गाडी गियरमध्ये टाकून वीतभर मागं ढकलावी लागते. सिलिंडर चार, म्हणून चार वेळा. पहिल्या वेळी सासरे एकटेच ढकलत होते, दुसऱ्या वेळी शेजारचे दोघं आले. तिसऱ्या वेळी सासूबाई ओट्यावरून उतरून आल्या आणि काळ्या झालेल्या शेपटाकडं बघत म्हणाल्या, "आता मी वढू का?" त्यांनी ती दोरी विहिरीतून पोहरा काढावा तशी हात हात ओढून काढली, आणि शेवटचं टोक बाहेर आलं तेव्हा हसल्या. त्या हसताना मी पहिल्यांदा पाहिल्या. मी प्रत्येक स्प्रिंग काढून देवघरातल्या तसबिरीच्या काचेवर तिच्या शेजारच्या स्प्रिंगबरोबर उभी केली. सगळ्या सारख्या. तुम्ही दरवेळी, चालंल, म्हणालात. मधल्या वेळात आपण किती बोललो. आईच्या गुडघ्याचं, लिंबाच्या झाडाचं, गॅरेजात येणाऱ्या एका बोबड्या ड्रायव्हरचं. त्याची नक्कल मी चौथ्या सिलिंडरपाशी केली, आणि ती जमली.

रॉकर बसवून, टॅपेटच्या फटी पत्तीनं लावून इंजिन चालू केलं तर ते शिवणयंत्रासारखं चालायला लागलं. तुम्ही हात पुसलेत आणि सासूबाईंना म्हणालात, "ईनबाई, आता ट्रायल मारावी लागंल. आन् ज्यानं काम केलं त्यानं ट्रायलला गाडीत बसायचं, हा आमच्या धंद्याचा कायदा हाय. वाटंत आवाज आला तर कुणाला इचारू मी?" सासूबाईंनी क्षणभर तुमच्याकडं पाहिलं. त्या मूर्ख नव्हत्या, आबा. त्या आत गेल्या आणि माझं धुवट लुगडं पिशवीत घालून बाहेर आल्या. "ट्रायलला कापडं खराब व्हत्यात," एवढंच म्हणाल्या.

ट्रायल शिरूरपर्यंत गेली.

भीमा ओलांडली, काष्टी मागं पडली. श्रावणातलं ऊन-सावलीचं माळरान. इनामगावाजवळ पुण्याच्या विद्वानांनी उन्हाळ्यात उकरलेल्या मातीचे ढीग दिसले. तुम्ही म्हणालात, हजारो वर्षांपूर्वीची मडकी गावलीत म्हणं, आन् एक सुदिक झाकण न्हाई. तेवढ्यात चढ आला. तुम्ही बँडेजवाल्या डाव्या हातानं गियर बदललात, झोकात. मी म्हणाले, "आबा, पुढच्या खेपेला बँडेज उजव्या हाताला बांधा." तुम्ही इतके हसलात की गाडी कडेला घ्यावी लागली. बसल्या जागी तुम्ही ते बँडेज उलगडलंत. आत धडधाकट हात, नेहमीसारखा काळा. "हाताचं खोटं व्हतं," तुम्ही म्हणालात. "लागंल ते पाप लागू दे." मग समोर रस्त्याकडं बघत म्हणालात, "पर इस्प्रिंग मातर देवानंच मोडली बग."

मी म्हणाले, "देवाचीच करणी, आबा."

पंधरा दिवसांनी मला न्यायला हे स्वतः शिरूरला आले. तासभर गॅरेजात बसले आणि मग दबकत विचारलं, ती दोरीची युक्ती नक्की काय असते. तुम्ही त्यांना अख्खं इंजिन सांगितलंत. जायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही मला म्हणाला होतात, माघारी जायचं का न्हाई ते तू ठरीव. मी गेले. बोलायला लागले. सासूबाई चिडायच्या, मग शेजारणींना माझी वाक्यं जशीच्या तशी ऐकवायच्या. त्यांचा तो नियम कुणी रद्द केला नाही, तो नुसता वापरातून गेला. माझी दोन्ही मुलं त्याच दोरीच्या पाळण्यात झोपली. तिचा काळा डाग कधी निघाला नाही. रंग पक्का.

त्या ट्रायलची गोष्ट मी पुढं शंभर ठिकाणी सांगितली, छापली, लोकांना पोट धरून हसवलं. बँडेजवर तर हमखास हशा. पण एक गोष्ट मी वगळत आले. पिशवीतली स्प्रिंग नवी नव्हती. दुकानातली नवी स्प्रिंग कोरड्या मेणचट ग्रीसमध्ये येते. ती इंजिनाच्या तेलानं ओली होती, आणि बाकीच्या सात बहिणींसारखीच करपलेली. ती त्याच इंजिनाची होती. तुम्ही दौंडच्या अलीकडं कुठंतरी झाडाखाली थांबून ती काढलीत आणि तिच्या जागी भंगारातली एक बसवलीत, दारात मोडेल इतकी कापून. आणि सगळीच तयारी दिसू नये म्हणून तुमची दोरी पिशवीतून काढून दडवलीत. आपोआप मोडलेली तार कडेपासून कडेपर्यंत दाणेदार असते. तुमच्या तुकड्यांची अर्धी कड गुळगुळीत आहे, चकचकीत. तीनकोनी कानशीची. बऱ्या इंजिनाला तुम्ही आजार लावलात, आबा, तुम्ही. आणि त्याला तुमच्यात नाव नव्हतं.

मोटारीत मी गप्प बसले ते बरोबर केलं. माझ्या तोंडाचा व्हॉल आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर मिटला. पण शेवटच्या दुखण्यात, पुण्याच्या दवाखान्यात, मी तुमचे पाय चेपत होते तेव्हा तुम्ही आढ्याकडं बघत म्हणालात, "त्या गाडीची इस्प्रिंग..." आणि मी घाईघाईनं म्हणाले, "देवानं मोडली होती, आबा." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. उशाशी ठेवलेल्या टॉवेलकडं तुमचा हात गेला, त्याची एक घडी पडली, दुसरी अर्धीच राहिली. मला तेव्हा वाटलं, मी तुम्हाला वाचवलं. आता माझं वय तुमच्या त्या वयाच्या जवळ आलंय आणि वाटतं, तुम्हाला ते बोलून मोकळं व्हायचं होतं, आणि मी शेपूट आत ढकलून दिलं.

हे पत्र टाकणार कुठं. दोन तुकड्यांखाली ठेवते. कानशीची खूण मी पहिल्याच दिवशी पाहिली होती, आबा. एवढंच.